डाळिंबी अस्तर

गोधडी वाचायची तर आधी ती उलटी करावी. पुढची बाजू पाहणाऱ्याला लगेच गुंतवते. हा तुकडा कशाचा, तो कुणाच्या अंगावरचा, हे विचारण्यातच वेळ जातो. मागच्या बाजूला गोधडीचा आराखडा दिसतो. माझ्या मावशीनं कराडला शिवलेली पाच फूट रुंद, सात फूट लांब गोधडी समोर पसरून हे लिहिते आहे. तिच्या मागे एकच रंग आहे, गडद डाळिंबी. साधं सुती कापड. नक्षी नाही, बुट्टी नाही, चौकडी नाही. त्यावरून पांढऱ्या जाड दोऱ्याचा धावदोरा कडेनं निघतो, कोपऱ्यावर वळतो आणि चौकटीच्या आत चौकट धरत मध्याशी येऊन थांबतो.

दुकानात जाऊन, पैसे मोजून आणलेलं कापड या गोधडीत जवळजवळ एवढंच. बाकी सगळं घरातलं, वापरून विरलेलं. तरीही हिचं सौंदर्य कुठून सुरू होतं असं कुणी विचारलं तर मी या विकतच्या कापडाकडे बोट दाखवीन.

गोधडीवर आपल्याकडे हळवं लिहिणं पुष्कळ झालं आहे. आजीची माया, जुन्या लुगड्याची ऊब. त्यात खोटं काही नाही. पण त्या हळवेपणात शिवणाऱ्या बाईची नजर हरवते. तिनं काय घेतलं, काय नाकारलं, कशाशेजारी काय ठेवलं, याकडे कुणी बघत नाही. जणू चिंध्या आपोआप जुळल्या. चित्रकारानं रंग कसे निवडले यावर आपण पानंच्या पानं वाचतो. गोधडीचा रंगही असाच निवडलेला असतो, आणि तो पोत, आटणं, ताकद, वय या चार गोष्टींसकट निवडावा लागतो.

अस्तरावर एक उभा जोड आहे. तो मधोमध नाही. एका बाजूला साडेतीन फूट कापड आणि दुसऱ्या बाजूला दीड फुटाची पट्टी. पहिल्यांदा पाहताना तो डोळ्याला खटकतो. दोन्हीकडे सारखं कापड धरून जोड मध्यावर आणणं सहज जमलं असतं. पण त्या जोडाच्या जागेत सगळ्या गोधडीची किल्ली आहे. कापडाचा पन्हा ४४ इंच. पाच फूट रुंदी भरायची तर दोन पन्हे लागणारच, आणि दोन पन्ह्यांत बरंच कापड जास्तीचं होतं. मावशीनं एक पन्हा अख्खा ठेवला, दुसऱ्यातून लागेल तेवढीच पट्टी घेतली. त्यामुळे वीस-बावीस इंच रुंदीचा, सात फूट लांबीचा एक सलग तुकडा तिच्या हातात उरला. जोड मधोमध घेतला असता तर दोन्ही बाजूंना दहा-दहा इंचांच्या धांदोट्या उरल्या असत्या. या सलग तुकड्यातून तिनं गोधडीची चारी बाजूंची गोट काढली आणि पुढच्या बाजूवर चार उभ्या पट्ट्या काढल्या. म्हणजे पुढे जे डाळिंबी दिसतं ते अस्तराचं उरलेलं. पुढच्या रचनेचा सांगाडा मागच्या बाजूच्या हिशेबातून निघाला आहे.

हे कापड घेताना मी तिच्यासोबत दुकानात होते. दुकानदारानं आधी एक झगझगीत लाल तागा उलगडला आणि रंगाची हमी दिली. मावशीनं कापडाची एक कड दोन्ही अंगठ्यांखाली धरून चोळली. पांढरट भुकटी बोटांना लागली.

"खळ लई हाय, दादा. खळ गेली की जाळी ऱ्हाईल नुसती."

"मावशी, अस्तरालाच घेताय ना? मागनं कोण बघतंय?"

"निजणारा बघतो की."

त्या उत्तरात तिचं सगळं कापडशास्त्र आहे. गोधडी पाहायची कमी आणि अंगाला लावायची जास्त. अस्तर हेच कातडीला लागतं. म्हणून तिची पहिली परीक्षा बोटांची. कापड चोळून खळ किती ते पाहायचं, मग उजेडाविरुद्ध धरून वीण किती दाट ते पाहायचं. दुसरी परीक्षा पाण्याची. पांढऱ्या रुमालाचा ओला कोपरा कापडावर दाबून धरायचा. त्या लालाचा डाग रुमालावर गडद उमटला. डाळिंबीचा उमटला तो फिका, दोन-तीन धुण्यांत निघून जाईल असा. तिसरी परीक्षा विस्तवाची. कडेचा एक धागा काढून काडीवर धरला की सूत असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ करडी राख राहते. पॉलिएस्टर मिसळलेलं असेल तर धागा वितळून कडक काळा मणी होतो. दुकानदार इचलकरंजीचा माल म्हणून सांगत होता आणि ते पटण्याजोगं होतं. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथं पहिला यंत्रमाग बसवला तेव्हापासून दक्षिण महाराष्ट्राच्या अंगावरचं कितीतरी साधं सुती कापड तिथून येतं आहे. पण मावशीचा भरवसा गावाच्या नावावर नव्हता, राखेवर होता.

रंगाची निवड तिनं सगळ्यात शेवटी केली, आणि दुकानाबाहेर. पिशवीतून तिनं आजीच्या जुनेरातला एक तुकडा आणला होता. तो आणि डाळिंबी ताग्याचं टोक घेऊन ती पायरीवर आली, कारण दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तांबडा निळ्याकडे झुकतो. उन्हात दोन्ही शेजारी धरले. मला वाटलं होतं ती लुगड्याच्या लाल काठाशी रंग जुळवील. तिनं काठ मुठीत दाबून झाकला आणि विटलेल्या अंगाशी जुळवून पाहिलं.

आता गोधडी सुलटी करते.

चार उभ्या डाळिंबी पट्ट्या, त्यांच्यामध्ये पाच उभे रकाने. मधल्या रकान्यात आजीचं इरकली लुगडं. बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलच्या मागावरचं हे कापड आपल्याकडच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या नेसलं. त्याच्या विणीची खूण म्हणजे टोपे तेनी. लुगड्याच्या अंगाचे आणि पदराचे उभे धागे वेगवेगळे ताणतात आणि फासात फास अडकवून एकमेकांना जोडतात. मावशीनं तुकडा असा कापला आहे की ही जोडाची रेघ तुकड्याच्या आत येते: वर पदराचा तांबडा, खाली अंगाचा निळा, मध्ये ती किंचित जाड सांध्याची ओळ. या गोधडीतला हा एकच जोड तिच्या हातचा नाही. तो विणकराचा आहे. सगळीकडे तिनं जोड घातले आणि बरोबर मध्यभागी दुसऱ्या कारागिराचा जोड जपून ठेवला, याचा मला फार आदर वाटतो.

लुगड्याचा निळा एके काळी जवळजवळ काळा होता. काठाजवळच्या दुमडीत अजून तो मूळ रंग आहे. बाकी अंग धुरकट निळं झालं आहे आणि त्या धुरकटातही तीन-चार छटा आहेत. निऱ्यांचा भाग वेगळा विटला, खांद्यावरचा वेगळा. हा रंग कुठल्याही दुकानात मिळत नाही. आणि इथंच त्या डाळिंबीचं काम कळतं. शेजारी झगझगीत लाल असता तर हा निळा मेला असता, नुसता जुना दिसला असता. मांजरपाटाची पांढरी पट्टी असती तर तो मळका दिसला असता. डाळिंबीत थोडी काळोखी आहे, थोडा मातकटपणा आहे. तो निळ्याला खाली ढकलत नाही आणि त्याच्याहून वरही चढत नाही. त्याच्या संगतीत विटण्याच्या छटा सुट्या सुट्या दिसू लागतात. विकत आणलेल्या कापडाकडून गोधडीत मला एवढीच अपेक्षा असते, की त्यानं जुन्याला बोलू द्यावं. स्वतः बोलणारं कापड घेणं सोपं आहे, दुकानं त्यानंच भरलेली असतात.

काठाचं तिनं काय केलं पाहा. लुगड्याचा काठ कडेला असतो. गोधडीतही बहुतेकजणी तो कडेलाच लावतात, गोटेसारखा. मावशीनं काठाच्या पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या रकान्यात आडव्या घातल्या, तीन-तीन. उभ्या डाळिंबी पट्ट्यांना त्या छेद देतात, म्हणून नजर वरून खाली घसरून जात नाही. गोधडीतला खरा लाल एवढाच, काठाचा. अस्तर घेताना तिनं काठ मुठीत का झाकला होता ते इथं उलगडतं. लाल आधीपासून घरात होता. तो दुकानातून आणायचा नव्हता.

कडेच्या रकान्यांत आजोबांचं धोतर आणि मामांच्या शर्टांची पॉपलीन. शर्टांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बारीक निळ्या रेघा, त्या आडव्या धरल्या आहेत, बस. धोतराचा पांढरा मात्र थांबून पाहावा. तो पांढरा नाहीच. एक तुकडा पिवळसर, एक नीळ बसून निळसर झालेला, एक इतका विरळ की खालच्या थराचा रंग त्यातून झिरपतो. हा शेवटचा तुकडा इतका विरलेला होता की नव्या कापडाशेजारी तग धरला नसता. नवं, घट्ट कापड आणि जुनं, विरलेलं कापड एका टाक्यात आलं की ताण जुन्यावर पडतो आणि ते टाक्याच्या रेषेत फाटतं. म्हणून तिनं त्याखाली दुसरं धोतर लावून दुपदरी केलं, आणि डाळिंबी कापड कातरण्याआधी भिजवून, धुऊन, पिळून, पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा धुतलं. कोरं कापड पहिल्या धुण्यांत आटतं. जुनं कधीच आटून बसलेलं असतं. न धुता शिवलं असतं तर पहिल्याच धुण्यानंतर चार पट्ट्या आखडल्या असत्या आणि पाचही रकाने फुगले असते. गिरणीच्या कापडाच्या किनारीवर पूर्वी ‘सॅन्फोराइज्ड’ असा शिक्का असे. सॅनफर्ड क्लूएट या अमेरिकी माणसानं १९३० साली कापड आधीच आटवून घेण्याच्या या युक्तीचं पेटंट घेतलं होतं. मावशीनं तीच युक्ती न्हाणीघरात वापरली.

गोधडीला कापड विकत आणावं लागतं हीच तशी अलीकडची गोष्ट. नऊ वारांची सुती लुगडी आणि धोतरं घरात होती तेव्हा आतले थर, वरचे तुकडे, अस्तर, सगळं जुनेरातच भागे. साठ-सत्तरच्या दशकांत टेरिलीन आलं, टेरिकॉट आलं, मग सिंथेटिक साड्या आल्या. त्या विटत नाहीत, विरत नाहीत, चुरगळत नाहीत. नेसणारीला ते सोयीचं झालं आणि गोधडीचा कच्चा माल आटला. सिंथेटिक साड्यांच्या गोधड्या आता सगळीकडे दिसतात आणि त्यांच्या कष्टाला मी नावं ठेवणार नाही. पण त्या पांघरून पाहा. कापड घसरतं, थर एकमेकांवर सरकतात, टाका दोन वर्षांत तुटतो. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत सूत आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतं. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. निजलेल्या माणसाचा घाम सुती गोधडी पिते, दुसरी त्याच्याच अंगावर ठेवते. रंगाचंही तसंच. न विटणारे दहा रंग एकत्र आले की ते दहाही सारख्याच वयाचे दिसतात. तुकड्यातुकड्यांत काळाचं अंतर राहत नाही. बाजारात हल्ली सलग कापडावर चौकोन छापून गोधडी म्हणून विकतात, तिथं तर प्रश्नच मिटतो. त्यात कुणी काही निवडलेलंच नसतं.

मावशीच्या गोधडीच्या अगदी उलट वाटेनं गेलेली एक गोधडी मी फार वेळा पाहत आले आहे, छायाचित्रांतून. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या विल्कॉक्स परगण्यात, अलाबामा नदीच्या मोठ्या वळणात, जीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांचे वंशज तिथं राहतात. तिथल्या बायकांच्या गोधड्यांचं प्रदर्शन २००२ साली आधी ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भरलं, तेव्हा जगानं त्या आधुनिक चित्रं पाहावीत तशा पाहिल्या. तिथल्या ॲनी मे यंग यांनी १९७६ साली शिवलेल्या गोधडीत सभोवार कामाच्या कपड्यांचं विटलेलं डेनिम आहे, मोठमोठ्या सलग तुकड्यांत. आणि मधोमध कॉर्डरॉयच्या उभ्या पट्ट्यांचा चौक, उष्ण रंगांचा, पेटलेला.

कॉर्डरॉय त्या वस्तीत आलं त्याची गोष्टही सांगण्यासारखी आहे. १९६६ साली तिथल्या बायकांची ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था उभी राहिली होती. १९७२ मध्ये तिला सीअर्स कंपनीसाठी कॉर्डरॉयचे उशीचे अभ्रे शिवायचं काम मिळालं. अभ्रे गेले कंपनीला, कातरण आली घरोघरी. सोनेरी, ॲव्होकाडोच्या पानाचा हिरवा, नारिंगी, चेरीचा लाल, हे रंग कंपनीनं बाजारासाठी ठरवलेले. बायकांनी ते निवडले नव्हते. त्यांनी निवडलं ते कशाशेजारी काय आणि किती. त्या वर्षांतल्या तिथल्या कितीतरी गोधड्यांत हेच मोजके रंग आहेत आणि तरी एक गोधडी दुसरीसारखी नाही.

मी वर म्हटलं की नव्या कापडानं जुन्याला बोलू द्यावं. ॲनी मे यंग यांच्या गोधडीत भडक कापड मध्यभागी बसून मोठ्यानं बोलतं, आणि गोधडी बिघडत नाही. का? पुन्हा पुन्हा पाहिल्यावर मला दिसतं ते प्रमाण. डेनिमचे तुकडे तिनं बारीक केले नाहीत. खिसे उसवल्यावर राहिलेल्या गडद जागा, गुडघ्यावरचा विटका भाग, सगळं तसंच ठेवलं. एवढ्या रुंद, शांत निळ्यापुढे मधला चौक कितीही पेटला तरी तो कोंडलेलाच राहतो. तिथं जुनं कापड नव्याला सावरून धरतं. मावशीच्या गोधडीत नवं जुन्याला सावरतं. दोघींनी कुणाला किती जागा द्यायची याचा निर्णय आधी केला आणि मग कात्री हातात घेतली. त्याच वस्तीतल्या मिसूरी पेटवे यांनी १९४२ साली नवरा गेल्यावर त्याच्या शेतातल्या कपड्यांची गोधडी शिवली. तिच्यात पोत्याचं सुती कापडही आहे. अंग झाकेल एवढी गोधडी व्हायची तर घरात हाताशी असेल ते कापड लागत होतं, आणि तिनं ते त्या कपड्यांशेजारी बिनदिक्कत बसवलं.

आपल्या अधिक जवळचा नमुना उत्तर कन्नडच्या सिद्दी बायकांचा. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात त्या कवंदी शिवतात. बाहेरच्या कडेपासून टाका घालत आत यायचं आणि शिवता शिवताच पुढचा तुकडा निवडायचा. आधी मांडून पाहणं नाही. शेवटी चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची फुलं बसली की कवंदी पुरी झाली. आधी मांडून पाहणारी माझी मावशी या धिटाईपुढे फार सावध वाटते. तिनं सगळे तुकडे दोन दिवस पलंगावर पसरून ठेवले होते, दुपारच्या उजेडात एकदा आणि दिव्यात एकदा पाहिले होते.

तरी तिनं एक जागा सोडली जिथं सावधपणा नाही. चौथ्या रकान्यात खालून दुसरा तुकडा पोपटी आहे. कोरा, तळहाताएवढा. प्रत्येक मराठी घरात ओटीत आलेल्या ब्लाऊजपीसांची एक चळत कपाटात असते. तिच्यातला एकही तिनं घेतला नाही, कारण धागा जाळून पाहिल्यावर बहुतेकांचा मणी झाला. पोपटी तिनं त्याच दुकानातून वेगळा घेतला, टू बाय टू रुबिया, उभा आणि आडवा दोन्ही धागे दुहेरी पिळाचे, म्हणून तलम असूनही टिकाऊ. घरात यावरून मतभेद आहेत. माझ्या मावसबहिणीला तो तुकडा चुकून आल्यासारखा वाटतो. मला ती सगळ्या गोधडीतली सर्वात धीट निवड वाटते. इरकलीचा निळा, धोतराचे तीन पांढरे, शर्टांच्या रेघा, सगळी कापडं कधी ना कधी कुणीतरी वापरलेली. या एका तुकड्याला मागचं काहीच नाही. तो नसता तर बाकीच्यांचं विटणं हाच गोधडीचा स्वाभाविक रंग वाटला असता. तो मध्यावर नाही, कोपऱ्यावरही नाही, आडव्या लाल काठाच्या लगेच खाली आहे, आणि लालाशेजारी हिरवा असल्यामुळे काठाचा लाल तिथंच सर्वात ताजा दिसतो. त्याच्याच वरच्या पट्टीतला तोच काठ शर्टाच्या रेघांशेजारी पुन्हा जुना होतो.

रुबिया तिनं अर्धा मीटर घेतला होता. लागला तळहाताएवढा. उरलेला तुकडा तिनं कपाटात ठेवला नाही. गोधडी धुवायला काढली की ती तोही सोबत भिजवते आणि गोधडीशेजारी उन्हात वाळत घालते, म्हणजे उद्या पोपटी तुकडा फाटला तर त्याजागी बसणारं कापडही तेवढंच विटलेलं असेल.